वडिलांची जन्मतारीख १ जून, आणि शेजारच्या कारागिराची पिशवी

आमच्या गल्लीतला बंगाली कारागीर काल संध्याकाळी दारात आला. बारा वर्षं सांगलीत सोन्याचं काम करतोय, पोरगी इथल्याच मराठी शाळेत चौथीत. पिशवीतनं त्यानं आधार, मतदान कार्ड आणि आजोबांच्या जमिनीचा बंगालीतला, घडीवर फाटलेला कागद काढून टेबलावर मांडला. "ताई, एवढ्यावर भागेल का?" कुणीतरी 'बांगलादेशी' म्हणून तक्रार केलीय, चौकीवर बोलावलंय.

मला हो म्हणवेना. नुसतं आधार, पॅन किंवा मतदान कार्ड असलं म्हणून कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. आणि आपण परदेशी नाही हे दाखवायचं ओझं संशयिताच्याच डोक्यावर. १९४६ च्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात तसं होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही तसंच आहे. जरा आपल्या घरची ट्रंक उघडून बघा. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून, दोन्ही चुलत्यांचीही १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच टाकली. आजी शाळेतच गेली नाही, तिच्या जन्माचा तर कागदच नाही.

घुसखोरीला माझा पाठिंबा नाही. खोट्या कागदांवर राहणाऱ्याला रीतसर चौकशी करून परत पाठवावं, आणि ते कागद करून देणाऱ्या दलालालाही आत टाकावं. पण चौकशी आधी, शिक्षा नंतर. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले बंगालमधल्या मुर्शिदाबाद-बर्धमानचे मजूर बांगलादेशात ढकलले गेले, आणि भारतीयच निघाले म्हणून परत आणावे लागले. बंगालमधल्याच बीरभूमच्या एका गरोदर बाईला तर दिल्लीतनं धरून पलीकडे सोडलं. कोर्टाचा आदेश होऊनही ती परत यायला डिसेंबर उजाडला. ते महिने तिला कोण भरून देणार?

आणि जो खरंच परदेशी निघेल, त्याचं काय? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेनं १०४ भारतीयांना लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, हातात बेड्या, पायात साखळ्या. तिघं महाराष्ट्रातले होते. ते तिथं बेकायदा होते, हे खरंच. तरी आपलं रक्त तापलं, आणि ते बरोबरच होतं. आपल्या घटनेचं जगण्याच्या हक्काचं कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. पूर्व पाकिस्तानातनं अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये हेच सांगितलं.

माझे वडील विट्याकडचे, गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं किती घरं अशी देशभर पांगवली! ते सेलमला गेले तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. चोरीचं सोनं वितळवलं या संशयावरनं त्यांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. शेजारचा तमिळ भांडीवाला पोलिसांपुढं उभा राहिला, "हा माणूस माझ्या ओळखीचा आहे" म्हणाला, तेव्हा सुटले. आई अजून त्या भांडीवाल्याचं नाव घेते.

काल रात्री कारागिराचा अर्ज मराठीत लिहून दिला, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, एवढं त्याला तीनदा बजावलंय. उद्या अकरा वाजता मी त्याच्याबरोबर चौकीवर जाणार आहे. गल्लीतले जे जे त्याला ओळखतात, ज्यांच्या मंगळसूत्राचा तुटलेला हूक त्यानं उभ्या उभ्या जोडून दिलाय, त्यांनी पावणेअकराला कोपऱ्यावर या.