खासगी गाईड आणि प्रसादाचा मुळा

ग्रुप टूरला लोक उगाच नाकं मुरडतात. चाळीस जणांच्या घोळक्यात मागे राहता येतं, हे सुखच त्यांना ठाऊक नसतं. पुढे गाईड झेंडा नाचवत कुठल्याशा राजघराण्याची वंशावळ उलगडत असतो आणि मागे आपण निवांत शेंगदाणे खात, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं याची चौकशी करत असतो. मी अर्धं युरोप असंच पाहिलंय. रोममध्ये कोणी काय बांधलं ते विचारू नका, पण आइस्क्रीम कुठे खावं ते झोपेतून उठवून विचारा.

टोकियोत ही सोय पुतण्यानं काढून घेतली. तो राहतो निशी-कासाईला. एदोगावा वॉर्डातला हा भाग आयटीतल्या भारतीयांनी असा काही भरलाय की संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहावं तर कोणीतरी फोनवर ‘कोथिंबीर मिळाली नाही गं’ म्हणत शेजारून जातं. याच वॉर्डातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. तर पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हाला गर्दीचा त्रास नको म्हणून फक्त तुम्हा दोघांसाठी गाईड ठरवलीय. सहा तास. चालत.” यातला शेवटचा शब्द तो जरा घाईत बोलला.

खासगी गाईड म्हणजे ज्या शिकवणीला दोनच मुलं आहेत अशी शिकवणी. बाई बोलतात त्या तुमच्याशीच, बघतात त्या तुमच्याकडेच, आणि वाक्य संपलं की थांबतात. ती जी थांबायची जागा आहे ना, तिथे आपण काहीतरी म्हणायचं असतं. ‘ओह’, ‘आहा’, ‘इज इट?’, काहीही. पहिल्या पंधरा मिनिटांतच बायकोनं आणि मी कामाची वाटणी करून घेतली. अर्धा तास तिनं ‘ओह’ म्हणायचं, मी इकडेतिकडे बघायचं, मग अदलाबदल.

आमच्या गाईडबाई साठी ओलांडलेल्या. अंगानं किरकोळ, चालायला तुफान. पाठीला सॅक, छातीवर परवान्याचा बिल्ला आणि हातात पिवळी रिबीन बांधलेली मिटलेली छत्री. आम्ही माणसं दोन, गल्ली रिकामी, तरी बाई ती छत्री डोक्यावर उंच धरून पुढे. नियम तो नियम. जपानमध्ये सरकारमान्य गाईड व्हायला परीक्षा द्यावी लागते. १९४९ पासूनची पद्धत. परकी भाषा, इतिहास, भूगोल, अर्थकारण, राजकारण आणि वर तोंडी. २०१८ पासून कायदा सैल झाला, आता परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन पर्यटकांना फिरवता येतं. पण आमच्या बाई जुन्या परवान्याच्या. त्यांना एकही सन विसरायची परवानगी नव्हती.

सुरुवात असाकुसाला, सेन्सोजी देवळाच्या कामिनारीमोन दरवाज्यापासून. दरवाज्यात तो जगप्रसिद्ध लाल कंदील. उंची ३.९ मीटर, वजन ७०० किलो. सगळं जग त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतं. आम्हाला बाईंनी त्याच्या बरोबर खाली उभं केलं आणि मान वर करायला लावली. कंदिलाच्या बुडाला लाकडात कोरलेला ड्रॅगन असतो. खवल्यान् खवला कोरलेला, खरोखर देखणा. पण माहिती संपेपर्यंत मान वरच. दरवाजा १८६५ मध्ये जळाला, पुढे ९५ वर्षं तिथे कायमचा असा दरवाजाच नव्हता, मग १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके यांनी देणगी देऊन तो पुन्हा बांधवला.

“हे कोण?” मी विचारलं. पाळी माझी होती.

“नॅशनल, पॅनासॉनिकचे संस्थापक.”

यावर बायको तिची पाळी नसताना उसळली. “अय्या! आमच्याकडे नॅशनलचा टेपरेकॉर्डर आहे. माझ्या भावानं मस्कतहून आणलेला. अजून चालतो!” बाईंनी खिशातून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. कशासाठी, कोण जाणे. पुढच्या मराठी गिऱ्हाइकाला सांगायला असेल.

आत मुख्य देऊळ. इसवी सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांना सुमिदा नदीत जाळ्यात कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती सापडली, अशी कथा. “मूर्ती कुठे आहे?” बायकोनं चपला शोधायच्या बेतानं विचारलं. मूर्ती गुप्त असते, कोणालाच दाखवत नाहीत. बाईंनी सॅकमधून प्लास्टिकच्या पानांची फाइल काढली. १० मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यानंतरचं असाकुसा त्यात होतं. जिथे आम्ही उभे होतो तिथे नुसती राख. ते पान त्यांनी हळू उलटलं. आत्ताचं देऊळ १९५८ चं. म्हणजे माझ्याच वयाचं, फक्त त्याला दिवसभर चालावं लागत नाही.

देवळात भविष्य काढायची सोय आहे, ओमिकुजी. पेटीत १०० येन टाकायचे, धातूचा षटकोनी डबा खळाखळा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडून चिठ्ठी घ्यायची. या देवळात वाईट चिठ्ठ्यांचं प्रमाण जरा सढळ आहे अशी त्याची ख्याती. बायकोला ‘क्यो’ आलं, म्हणजे अशुभ. खाली इंग्रजीत तपशील: इच्छा पूर्ण होणार नाही, हरवलेली वस्तू मिळणार नाही, प्रवासाला निघणं वाईट. शेवटचं वाक्य वाचून माझा या देवस्थानावर फार विश्वास बसला.

“अशी चिठ्ठी त्या तारांना बांधून ठेवायची आणि निघायचं,” बाई म्हणाल्या.

“बांधते. पण आधी दुसरी काढते.”

बाईंच्या चेहऱ्यावर परीक्षेत नसलेला प्रश्न आल्याचे भाव. पहिलीच खरी मानतात, असं त्यांनी नम्रपणे सुचवून पाहिलं. “आमच्यात पत्रिका दोन-तीन ठिकाणी दाखवतात,” बायको म्हणाली आणि चांगलं येईपर्यंत डबा हलवत राहिली. मी तेवढ्यात एका कठड्याला टेकून घेतलं. टोकियोत बाकं शोधावी लागतात. बसायची हमखास, फुकट आणि वर ऊबदार अशी एकच जागा म्हणजे स्वच्छतागृह. दर थोड्या वेळानं बाई अदबीनं विचारायच्या, “जाऊन यायचंय का?” आणि मी दरवेळी हो म्हणायचो. माझ्या तब्येतीबद्दल त्यांचा काय समज झाला असेल तो असो.

मग बाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी खास ठिकाण. गणेश.” देवळापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, सुमिदा नदीजवळ दहा-एक मीटर उंचीचं टेकाड आहे. त्यावर मात्सुचियामा शोदेन. तिथला देव कांगितेन, म्हणजे भारतातून चीनमार्गे इथे पोचलेला आपला गणपतीच. वर जायला वयस्कर भाविकांसाठी छोटी रुळावरची गाडी आहे. बाईंनी तिच्याकडे हात केला मात्र, बायकोनं पदर खोचून पायऱ्या धरल्या. निमूटपणे मीही. ती गाडी मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

वर सगळीकडे मुळे. दगडात कोरलेले मुळे, दिव्यांवर मुळे, आणि देवापुढे खरे, पांढरेशुभ्र, मनगटाएवढे मुळे. ७ जानेवारीला तर इथे मुळ्याचीच जत्रा भरते.

“गणपतीला मुळा?” बायकोचा आवाज चढला. “मोदक कुठायत?”

मुळा पोट साफ ठेवतो, मनातला राग-लोभ घालवतो, म्हणून तो वाहायचा, असं बाईंनी सांगितलं. मूर्ती? तीही गुप्त. एका सकाळीत आम्ही न दिसणारे दोन देव पाहिले. माझा हात जोडून होतोय तोवर बायको देवाला वाहिलेल्या मुळ्यांतला एक घेऊन आली. तिथे ते भाविकांना प्रसाद म्हणून फुकट देतात. हातभर लांब, पानांसकट. आता प्रसाद म्हटल्यावर नाकारता येत नाही, ठेवून देता येत नाही आणि टोकियोत टाकायचं म्हटलं तरी काही टाकता येत नाही, कारण रस्त्यावर कचऱ्याची पेटी नसते. १९९५ च्या सरीन विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बहुतेक पेट्या काढून घेतल्या. माझ्या खिशात सकाळपासून बाकरवडीचं रिकामं पाकीट फिरत होतं. बाईंनी सॅकमधून घडी केलेली कापडी पिशवी काढली. मुळा त्यात कमरेपर्यंत मावला.

जेवणाबद्दल फार सांगत नाही. जपानी रश्श्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि तो मासा धरायचा की नाही, या प्रश्नावर बाईंनी आमची उलटतपासणी घेतली. अखेर थंड सोबा शेवया नुसत्या सोया सॉसमध्ये बुडवून खाल्ल्या. पण खुर्चीत बसून. त्या खुर्चीची चव अजून जिभेवर आहे.

तिथून गिंझा लाइन. ही आशियातली पहिली भुयारी रेल्वे, ३० डिसेंबर १९२७ ला असाकुसा ते उएनो सुरू झाली, हे बाईंनी फलाटावर सांगितलं. गाडी आली, आम्ही आत शिरलो आणि चमत्कार झाला. बाई गप्प! टोकियोच्या मेट्रोत फोनवर बोलत नाहीत, आपसातही कुजबुजतात. बाईंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली, हात जुळवले आणि त्या समोर बघत बसल्या. ‘ओह’ नाही, ‘आहा’ नाही. असाकुसा हे पहिलंच स्टेशन, त्यामुळे तिघांनाही जागा. ही लाइन ज्यांनी खणली त्यांचा पुतळा कुठे असेल तर मी हार घालायला तयार आहे. त्या शांततेत बायको फक्त एकदा बोलली, तिच्या मते हळू आवाजात: “अहो, मुळा सरळ धरा, पानं मोडतायत!” अख्ख्या डब्यानं मुळ्याकडे पाहिलं आणि अदबीनं नजर वळवली.

ओमोतेसांदोला उतरून मेइजी जिंगू. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांचं हे देवस्थान, १९२० चं. भोवती ७० हेक्टरचं घनदाट जंगल, आणि ते सगळं माणसांनी लावलेलं! देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं पाठवली. पुढे जंगलानं आपलं आपण वाढावं अशा हिशोबानं ती लावली होती. म्हणून झाडूवाले रस्त्यावरची पानं गोळा करून फेकत नाहीत, पुन्हा झाडांखाली लोटतात. एक गृहस्थ पसरट झाडूनं ते काम इतक्या सावकाश, एका लयीत करत होते की मी पाळी नसतानाही मनापासून ‘वा!’ म्हणालो. बाई खूश झाल्या. हे महागात पडलं. रस्ता जाड खडीचा, पाऊल रुततं, पळता येत नाही, आणि बाईंनी वही उघडली. भारताबद्दल त्यांनी घरी अभ्यास केला होता.

“वेरूळचं कैलास मंदिर कोणत्या राजाच्या काळातलं?”

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मुळ्याकडे पाहिलं.

“राष्ट्रकूट,” मी म्हणालो.

“हो, पण कोणता? पहिला कृष्ण, ना?” त्यांनी विचारलं तरी उत्तर त्यांच्याकडेच होतं. “तुम्ही कितीदा पाहिलंय?”

वेरूळला आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो आणि आम्हाला आठवतं ते तिथलं माकड. हे इंग्रजीत नीट सांगता येईना. मग बाईंनी फार गोड हसून पुढचं विचारलं, “आमची बुलेट ट्रेन, शिंकान्सेन, १९६४ मध्ये सुरू झाली. तुमच्या मुंबई-अहमदाबाद गाडीचं भूमिपूजन आमच्या तेव्हाच्या पंतप्रधान आबे-सानांच्या हजेरीत २०१७ मध्ये झालं. मुंबईतून ती कधी धावणार?”

“जाऊन यायचंय,” मी म्हणालो.

हाराजुकूपासून शिबुया एकच स्टेशन. ‘एकच तर आहे, चालत जाऊ’ ही सूचना पुण्यात जितकी घातक, तितकीच टोकियोत. तिथे पोचलो तेव्हा माझ्या पायांना कुठल्याच सनावळीत रस उरला नव्हता. चौकाच्या कडेला हाचिकोचा पुतळा. प्राध्यापक उएनो १९२५ मध्ये वारले, आणि त्यांचा हा कुत्रा १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत त्यांना घ्यायला स्टेशनवर येत राहिला. पुतळा १९३४ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखतच उभा राहिला. तो युद्धात वितळवला गेला. आत्ताचा १९४८ चा. बायकोनं डोळे पुसले. मी पुतळ्यामागच्या कठड्यावर एक जागा हेरली.

नेमके सहा तास झाले. बाईंनी छत्री खाली केली, माझ्या आडनावाला ‘सान’ जोडून आभार मानले आणि कमरेत वाकल्या. आम्हीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. आम्ही पुन्हा. पाहुणे दिसेनासे होईपर्यंत निरोप देत राहायचं, ही तिथली रीत. म्हणजे ती जागा रिकामी असताना, पाच पावलांवर असताना, आम्हाला निघून जाणं भाग होतं. सिग्नल हिरवा झाला. गर्दीच्या वेळी तिथे एका दमात तीन हजारांपर्यंत माणसं चहूबाजूंनी रस्ता ओलांडतात. त्यात आम्ही घुसलो आणि बायको दिसेनाशी झाली. मग माणसांच्या डोक्यांवर हिरवी पानं आली. तिनं मुळा उंच धरला होता. मी त्याच्या रोखानं निघालो. माझ्यामागे दोन गोरे पर्यटकही निघाले.

पलीकडे पोचून वळून पाहिलं. बाई हाचिकोशेजारी उभ्याच. मुळा दिसला आणि त्या पुन्हा कमरेत वाकल्या.

“अगं, खाली घे तो!” मी ओरडलो. “तो दिसतोय तोवर त्या घरी जायच्या नाहीत आणि मला बसता यायचं नाही!”