काही सुचत नसताना लिहावे काय : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

काही सुचत नसतानाही हाताने काय लिहिता येईल, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल आभार मानतो. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, वही-पेन घेऊन बसलेल्या पण डोके रिकामे असलेल्या माणसाला मी त्यात काही वाटा सुचवल्या होत्या : खिडकीबाहेर दिसते ते लिहावे, आवडता उतारा उतरवून काढावा, याद्या कराव्यात, रोजच्या एखाद्या कृतीचे वर्णन करावे, न पाठवायचे पत्र लिहावे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्याने लिहू नये. उतारे उतरवणे ही शाळेतली शिक्षा आहे, लेखन नव्हे. हाताने लिहिलेले अधिक लक्षात राहते हे माझे विधान पुराव्यावाचून केलेले आहे. आणि लिहायचेच असेल तर ते टंकून का लिहू नये, याचे उत्तर मी दिलेले नाही.

पुराव्याच्या मुद्द्यावर आपण बरोबर आहात. पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा, 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकातला 2014 सालचा अभ्यास माझ्या डोक्यात होता. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत जातात आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असे त्यात दिसले होते. पण 2021 मध्ये त्याच नियतकालिकात त्या प्रयोगाची पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तीत शब्दशः उतरवण्याचा भाग पुन्हा दिसला तरी परीक्षेतला फरक दिसला नाही. शिवाय दोन्ही प्रयोग व्याख्यान ऐकताना घेतलेल्या टिपणांचे होते. कोऱ्या पानासमोर अडलेल्या माणसाशी त्यांचा संबंध मी उगाच जोडला. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

खिडकीबद्दलही मी माघार घेतो, आणि ती का घेतो हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या पुढच्या सगळ्या म्हणण्याचा पाया तिथे आहे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी माझ्या जुन्या वह्यांमधली अशी 'खिडकीची' पाने काढून पाहिली. झाडे हलत आहेत, ऊन उतरत आहे, कोणीतरी दुचाकी सुरू करत आहे. एक पान झाकून दुसरे वाचले तरी काही फरक पडू नये इतकी ती एकसारखी आहेत. याचे कारण असे की त्या पानांवर काहीही लिहिले तरी चालते. झाड हलत नसतानाही 'हलत आहे' असे मी लिहिले असते तर माझे काहीच अडले नसते. न पाठवायच्या पत्राचेही तसेच होते. ज्याला उद्देशून लिहायचे तो कधीच उलट बोलणार नसतो, त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदापर्यंत लिहिणारा स्वतःच्याच मोठेपणावर खूश झालेला असतो. दोन्ही सूचना वाईट होत्या.

मात्र यावरून आपण जो निष्कर्ष काढता, की सुचत नसेल तर गप्प बसावे, तो मला पटत नाही. सांगण्यासारखे आपल्याकडे आहे की नाही हे माणसाला लिहिण्याआधीच ठाऊक असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. माझा अनुभव वेगळा आहे. रिकाम्या डोक्याने बसलेल्या माणसाला विषय शोधायला सांगितले की तो आणखी अडतो, कारण विषय म्हटला की तो भारदस्तच हवा असे त्याला वाटू लागते. त्याला काम द्यावे. आणि ते असे असावे की त्यात लिहिलेले चुकू शकेल आणि चुकले हे त्याला स्वतःलाच तपासून पाहता येईल. खिडकी आणि न पाठवायचे पत्र या कसोटीला उतरत नाहीत. लेखातल्या उरलेल्या गोष्टी उतरतात, फक्त ही कसोटी मी तेव्हा शब्दांत मांडली नव्हती, आणि ती मांडायला आपला आक्षेप कारण झाला.

रोजच्या कृतीचे वर्णन ही 'पोरकट' सूचना आहे, असे आपण म्हटले आहे. एक उदाहरण देतो. मध्यंतरी एका संध्याकाळी काहीच सुचत नव्हते, म्हणून मी बुटाची नाडी कशी बांधतो हे लिहायला घेतले. अट एकच घातली की, ज्याने आयुष्यात कधी गाठ मारली नाही अशा माणसाला केवळ माझ्या मजकुरावरून ती मारता आली पाहिजे. पहिली तीन वाक्ये सरळ गेली : दोन्ही टोके हातात घ्यावीत, डावे उजव्यावर ठेवावे, खालून ओवून ओढावे. चौथ्या वाक्याला हात थांबला. एका टोकाचा फास करून दुसरे टोक त्याच्याभोवती फिरवायचे असते, पण ते पुढून फिरवायचे की मागून, आणि मग जी दुमड आतून ढकलायची ती कोणत्या बोटाने, हे मला सांगता येईना. जी गोष्ट हात दररोज न चुकता करतात तिची माझ्या डोक्याला दखलच नव्हती. बूट मांडीवर घेऊन मी ती गाठ शक्य तितक्या सावकाश बांधली. ढकलणारे बोट डावा अंगठा निघाला. मी तर्जनी लिहून मोकळा झालो होतो, ती खोडली.

एवढ्यावर ते थांबले नाही. फिरवण्याची दिशा लिहिताना लक्षात आले की गाठ दोन प्रकारे बसू शकते. पहिला वेढा ज्या दिशेने घेतला त्याच्या उलट दिशेने दुसरा घेतला, तर वरचे दोन फास बुटावर आडवे बसतात आणि गाठ टिकते. दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले, तर फास वळून बुटाच्या लांबीला समांतर होतात आणि चालता चालता गाठ सैल पडते. माझे फास वर्षानुवर्षे लांबीला समांतर बसत आले आहेत. नाड्या सारख्या सुटतात याचा दोष मी आजवर नाड्यांना देत आलो होतो. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक लहानपणीच कळलेला असतो, पण सुरगाठीतही एक चुकीची सुरगाठ असते हे मला त्या पानाने शिकवले. त्या संध्याकाळी माझ्याकडे सांगण्यासारखे काहीही नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो. पान संपले तेव्हा होते.

यादीचेही तसेच करता येते. 'आवडत्या गोष्टींची यादी' करू नये. तीत चूक निघण्याची सोयच नसते. टेबलाच्या खणात काय काय आहे याची यादी खण न उघडता करावी, मग उघडून ताळा करावा. राहिलेल्या वस्तू बहुधा अधिक बोलक्या असतात, आणि पुढचे पान त्यांपैकी एकीवर आपोआप निघते.

आता उतारे उतरवण्याविषयी. शिक्षा म्हणून एकच ओळ शंभर वेळा लिहावी लागलेल्या माणसाला या कामाचा तिटकारा असणे मी समजू शकतो. तो तिटकारा मलाही होता. पण शिक्षेत मजकुराकडे पाहावेच लागत नाही. खरे उतरवणे सुरू होते ते उतारा आपल्याला आवडलेला असतो तेव्हा. डोळे पुस्तकावरून उचलून वहीकडे नेईपर्यंत पाच-सात शब्द मनात धरून न्यावे लागतात, आणि त्या क्षणभराच्या प्रवासात गंमत होते. लेखकाने 'सावकाश' लिहिलेले असते, आपल्या वहीत 'हळूहळू' उतरते. लेखकाने क्रियापद आधी ठेवलेले असते, आपण ते मुकाट्याने शेवटी नेतो. मन आपल्या सवयीचा शब्द खपवून देते आणि हाताला त्याची खबरही नसते. मूळ आणि प्रत शेजारी ठेवून वाचले, की जिथे जिथे फरक पडला तिथे लेखकाची निवड आणि आपली सवय समोरासमोर येतात. त्याचा शब्द माझ्या शब्दापेक्षा बरा का, किंवा क्वचित माझा त्याच्यापेक्षा बरा का, यावर समासात दोन ओळी लिहिल्या की ते लेखन माझे झाले. उतरवलेला उतारा हे फक्त त्याचे निमित्त होते.

हाताने प्रती करण्यात असे फरक पडतातच, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सिद्ध झाली; पुढच्या तीन शतकांत प्रतीवरून प्रती होताना तीत इतके पाठभेद शिरले की शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली, आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये अशी ताकीदही त्यांनी शेवटी देऊन ठेवली. नक्कल करणारे हे सगळे लोक निष्काळजी नव्हते. समोरचा मजकूर मनातून जाऊन हातात येतो म्हटल्यावर मनाचा रंग त्याला लागायचाच. एकनाथांना जो दोष निपटून काढावा लागला तोच, आपल्याला स्वतःच्या सवयी पाहायच्या असतील तर, उपयोगी पडतो.

याच कामाची एक अधिक कठीण तऱ्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना त्यांना 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड मिळाला. त्यातल्या निबंधांच्या प्रत्येक वाक्याचा आशय ते एखाद्या छोट्या खुणेने टिपून ठेवत, काही दिवस ती टिपणे बाजूला टाकत, आणि मग पुस्तक न पाहता केवळ खुणांवरून निबंध आपल्या शब्दांत पुन्हा उभा करत. मुळाशी ताडून पाहिले की आपले कुठे चुकले ते दिसे. कधी कधी ती टिपणे मुद्दाम विस्कटून, काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावत, म्हणजे विचारांची मांडणीही शिकता येई. एखाद्या बारीक ठिकाणी आपले मुळापेक्षा सरस झाले असे त्यांना अधूनमधून वाटे, असेही त्यांनी लिहिले आहे, आणि मला त्या कबुलीतच सर्वांत जास्त रस आहे. या सगळ्यात स्वतःची कल्पना सुचण्याची वाट पाहणे कुठेच नाही.

टंकून का नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर आपल्याला फारसे भव्य वाटणार नाही. नाडीचे वर्णन टंकूनही तितकेच चांगले झाले असते. पण खोडलेली 'तर्जनी' आज माझ्या वहीत आडव्या रेघेखाली स्पष्ट दिसते. टंकताना ती एका कळीसरशी नाहीशी झाली असती, आणि मी चुकलो होतो हे महिन्याभरात मलाच खरे वाटले नसते. ज्या कामाचा सगळा भर चूक सापडण्यावर आहे, त्यात चुकीचा माग शिल्लक राहणे मला मोलाचे वाटते. दुसरे असे की, काही सुचत नसताना काय लिहावे हे मला जे विचारतात त्यांना मुळात हाताने लिहायचेच असते. त्यांचे पेन तयार असते, अक्षराचे वळण सुधारायचे असते, किंवा कागदावर निब सरकताना होणारे सुख हवे असते. भूक हाताला लागलेली असताना त्यांना कळफलक पुढे करणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याऐवजी पाण्याचे चित्र दाखवण्यासारखे होईल. (उपमा जरा जास्तच झाली, हे मान्य. पण आशय तोच आहे.)

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे उत्तर लिहिण्यापूर्वी, आपली प्रतिक्रिया दोनदा वाचून मी ती बंद केली आणि वहीत आठवणीने लिहून काढली. मग ताडून पाहिली. आपण 'निरर्थक' लिहिले होते तिथे मी 'निरुपयोगी' लिहिले होते. आपण मजकुराला बोल लावला होता, मी तो उपयोगाला लावून घेतला होता, आणि उत्तराचा पहिला खर्डा मी त्याच रागात उपयोग सिद्ध करण्यात खर्ची घातला होता. आपल्या प्रतिक्रियेतले एक वाक्य तर माझ्या वहीत आलेच नव्हते. 'माझ्याकडे दोन वर्षांपासून एक चांगली वही कोरी पडून आहे, ती अशा निरर्थक मजकुराने भरण्यापेक्षा कोरी राहिलेली बरी,' असे आपण अखेरीस लिहिले आहे. दोनदा वाचूनही ते माझ्या नजरेतून निसटले, आणि आता मला वाटते की बाकी सगळे आक्षेप त्या एका वाक्यातून आलेले आहेत.

ती वही तूर्त कोरीच राहू द्या. एका बाजूने छापलेला, टाकून द्यायचा एखादा कागद घ्या, त्याच्या मागच्या बाजूला ती वही न पाहता तिचे वर्णन लिहा : पुठ्ठ्याचा रंग, रेघांमधले अंतर, समास आहे की नाही आणि असल्यास कोणत्या बाजूला, शिलाई आहे की तार, पानांची संख्या अंदाजे किती. मग ती कपाटातून काढा आणि कागदाशेजारी ठेवून पाहा. काय काय चुकले ते मला कळवलेत तर आवडेल.