सोसायटीच्या सभेतून आत्ताच आले, आणि डोकं फिरलंय

व्हिजिटर पार्किंगवरून दोन तास हमरीतुमरी. गेटला नवीन ग्रॅनाइट, एकमताने मंजूर. मग सगळे चहा-समोशाकडे वळल्यावर सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, हे शिकण्याचा आणि एक एईडी, म्हणजे अशा वेळी हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन घेण्याचा विषय आला. "आपल्याकडे दोन डॉक्टर राहतात की." "हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे." "पुढच्या वर्षी बघू." झालं, विषय संपला.

दहा मिनिटांवर! अहो, हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

बी विंगचे काका विसरलात का हो सगळे? गेल्या गणपतीत आरती चालू असताना मंडपात कोसळले. एवढी माणसं होती. कुणी तोंडात पाणी ओतलं. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तळपाय चोळत बसलं. काका मधूनच घोरल्यासारखा आवाज काढत होते, म्हणून "श्वास चालू आहे, श्वास चालू आहे" असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. तो श्वास नसतो हो. हृदय बंद पडल्यावर माणूस काही वेळ तसे आचके देतो.

हाक मारली, खांदे हलवले तरी प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, की एकाने १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची. छातीच्या मधोमध, एका हातावर दुसरा हात, कोपरं ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं, पण थांबायचं नाही. नववीतलं पोरगंसुद्धा हे शिकू शकतं.

आणि ते दोन डॉक्टर? त्या संध्याकाळी एक दवाखान्यात होते, एक गावाला. त्यांनी काय आपल्यासाठी चोवीस तास खाली खुर्ची टाकून बसायचं?

बरगडी मोडू शकते, मान्य. बरगडी जुळते. मशीन लाखाच्या आसपास जातं, तेही मान्य. मग ग्रॅनाइट काय फुकट येणार आहे?

एक जण म्हणाले, "हात लावला आणि काही झालं, तर पोलिसांचं झेंगट मागे लागेल." रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये संरक्षण दिलं, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातही ते आलं. आणि इथे तर आपलाच शेजारी, आपल्याच मंडपात. कसलं झेंगट?

चिडून लिहितेय, पण त्या दिवशी पाठ फिरवून कुणीही गेलं नव्हतं, हेही खरं. सगळे धावले. अँब्युलन्स आली तेव्हा गेटसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या बाईक पोरांनी अक्षरशः उचलून बाजूला ठेवल्या. माया होती, ताकद होती. फक्त हात कुठे ठेवायचे, हे त्या एवढ्या माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं. काका वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण त्यांना संधी तरी मिळायला हवी होती.

काकू आज सभेला आल्या होत्या. मागच्या रांगेत बसल्या होत्या. "पुढच्या वर्षी बघू" ऐकल्यावर काही न बोलता पर्स उचलून निघून गेल्या. समोशाच्या गर्दीत किती जणांनी पाहिलं?

कमिटीची परवानगी नकोच आता. येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या हॉलमध्ये शिकायचं. माझी डॉक्टर मैत्रीण सरावाचा पुतळा घेऊन येतेय. वॉचमनदादांना आणि कामाच्या मावशींना मी आधीच सांगितलंय, कारण दुपारी घरोघरी म्हाताऱ्या माणसांजवळ तेच असतात. जमिनीवर गुडघे टेकून बसायचंय, त्या बेताचे कपडे घाला. आठवीच्या पुढची मुलं असतील तर घेऊन या. गेटसमोर गाडी लावू नका.