बरोबरखाली बरोबर

मराठीत ‘बरोबर’ या एकाच शब्दाचे समान, अचूक आणि सोबत असे तीन अर्थ होतात, आणि हे तिघे एकाच ओळीत सुखाने नांदू शकतात असा माझा अनेक वर्षे समज होता. वहीत गणित सोडवताना बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचे चिन्ह आपोआप येत असे. हाताला ते कोणी शिकवलेले नव्हते. सात ओळींची एक सिद्धता लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर आज्ञा देऊन मांडणाऱ्या संगणक-प्रणालीत, टंकित करायला मी बसलो, तेव्हा सिद्धता आधीच तयार असल्यामुळे उरलेले काम केवळ कारकुनी आहे असे मी घरात सांगूनही टाकले होते.

1557 साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गृहस्थांना ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला आणि त्यांनी त्याऐवजी एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा छापल्या, कारण याहून अधिक समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असे त्यांचे मत होते. त्या दोन रेघा एकमेकींशी समांतर राहतील एवढे त्यांनी पाहिले. अशा सात जोड्या एकाखाली एक उभ्या करण्याचे काम पुढच्या पिढ्यांकडे, म्हणजे त्या रात्री माझ्याकडे, आले.

सुरुवातीला मी एका जुन्या फाइलमधून समीकरणे रांगेत लावणारी ‘इक्यूएनॲरे’ ही आज्ञा उचलली. चिन्हे रांगेत आली, पण प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा सुटली की समीकरणाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंमध्ये काही कौटुंबिक वाद असावा असे वाटू लागले. हा या आज्ञेचा जुना, सर्वज्ञात दोष आहे आणि जाणकार तिचे नावही काढू देत नाहीत, हे मला अर्थातच नंतर समजले. मग मी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या संचातील ‘अलाइन’कडे वळलो. येथे नियम सोपा आहे: जे चिन्ह रांगेत हवे त्याच्या आधी अँडचे चिन्ह (&) टाकायचे आणि ओळ संपली की दोन बॅकस्लॅश (तिरप्या रेघा) द्यायचे. मी अँड बरोबरच्या नंतर टाकला. रांग तरीही सरळच आली, मात्र उजवी बाजू चिन्हाला अशी चिकटली की आधीचा कौटुंबिक वाद आता अतिस्नेहात बदलला होता. अँड अलीकडे घेतल्यावर दोघांत सभ्य अंतर पडले. शेवटच्या ओळीनंतरही मी सवयीने दोन बॅकस्लॅश दिले होते, त्यामुळे खाली एक कोरी ओळ उमटली आणि तिला रीतसर समीकरण-क्रमांकही मिळाला. संपूर्ण सिद्धतेत निर्विवाद असे विधान तेवढे एकच होते.

खरी कसोटी पाचव्या ओळीने पाहिली. ती पानात मावेना, म्हणून मी ती मध्येच तोडली. पण एक मोठा कंस या ओळीत उघडून पुढच्या ओळीत मिटत होता. आपोआप वाढणारे कंस येथे पतिव्रतेसारखे वागतात. उघडणाऱ्याला त्याच ओळीत जोडीदार लागतो. तो न दिसल्यास संगणक लाल अक्षरांत आक्रोश करतो. यावर उपाय म्हणजे कंसाच्या जागी टिंब द्यायचे, म्हणजे तेथे एक अदृश्य कंस उभा आहे असे यंत्र समजते. यंत्राची समजूत पटली, पण पहिल्या तुकड्यात अपूर्णांक होता म्हणून उघडणारा कंस धिप्पाड झाला, आणि दुसऱ्यात केवळ क्ष होता म्हणून मिटणारा कंस चिमुकला राहिला. तेव्हा चिमुकल्या कंसाशेजारी त्याच अपूर्णांकाचे भूत बसवावे लागले. ही माझी अलंकारिक भाषा नव्हे: त्या आज्ञेचे नावच व्हीफँटम आहे, फँटम म्हणजे भूत, आणि ती शाई न वापरता केवळ उंचीपुरती जागा अडवते. रात्री दीड वाजता, एका अदृश्य कंसाच्या आणि एका अदृश्य अपूर्णांकाच्या सोबतीत, मला माझी सिद्धता प्रथमच खऱ्या अर्थाने गहन वाटली.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी 1977 मध्ये, स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून वैतागल्यामुळे, या साऱ्याच्या मुळाशी असलेली टेक ही प्रणाली लिहायला घेतली. थोडक्यात आटोपेल असे वाटलेले ते काम दहाएक वर्षे चालले, हे आठवून मला विलक्षण धीर येतो. त्यांच्या प्रणालीचे सर्वांत लहान माप म्हणजे पॉइंट या छपाईतल्या मापाचा 65,536वा भाग, आणि ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान आहे. तरीही तिसऱ्या ओळीतले चिन्ह किंचित डावीकडे झुकले आहे असा मला संशय होता. मी पडद्यावर पट्टी ठेवून पाहिली, आकार चौपट करून पाहिला, शेवटी पान छापून दिव्यासमोर धरले. ओळंब्याला लाज वाटावी अशी सरळ रांग होती.

सकाळी तेच पान एका सहकाऱ्यांच्या हाती दिले. त्यांनी मांडणीचे मनापासून कौतुक केले आणि पेन्सिलीने तिसऱ्या ओळीवर बारीक खूण करून म्हणाले, “येथे बरोबर नाही, ‘लहान किंवा समान’ हवे.” मी ते चिन्ह बदलले. या टंकात दोन्ही चिन्हांची रुंदी सारखीच असते. रांग तसूभरही हलली नाही.