वाढत्या अंगाचा पट्टा

पोरांना शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात तसा कुत्र्याच्या पिल्लाला पट्टा घेऊ नका हो! आमच्याकडे पिल्लू आल्यापासून जो तो मोठा पट्टा घ्यायचाच सल्ला देतोय. शेजारच्या काकी तर खळ्यात उभ्या राहून, "मोठोच घे गो, वाढत्या अंगाचो. परत परत खर्च कित्याक?"

खर्च वाचतो, पण सैल पट्टा मानेखाली लोंबतो. खाजवताना पुढचा पाय त्यात अडकतो, चावायला गेलं तर खालचा जबडा. त्यात आपली आवारं म्हणजे चिऱ्याचा गडगा, वर काट्याची वई, मागे करवंदीची जाळी. एकदा कुठे अडकलं की पिल्लू घाबरून आणखी जोरात ओढतं. म्हणून एकटं मोकळं सोडताना मी पट्टा काढूनच ठेवते.

घट्ट पट्टा त्याहून वाईट, आणि सगळ्यात वाईट ती सुतळी. नाहीतर दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा. मान वाढते, दोरा तेवढाच राहतो. केसांत दिसत नाही, हळूहळू कातडीत रुततो. पावसाळ्यात अशा जखमेत अळ्या पडतात, मग सगळे हळहळतात. दृष्ट काढायचीच तर मीठ-मोहरीने काढा, पिल्लाच्या गळ्याला काही बांधू नका.

माप घेणं सोपं आहे. मानेभोवती दोरी धरायची, ती पट्टीवर मोजायची. पट्टा घातल्यावर आत दोन बोटं सहज जायला हवीत, अगदी लहान जीव असेल तर एक. पहिले सहा महिने मान भराभर वाढते, तेव्हा दर आठवड्याला बोटं घालून बघायचं. साधा, अरुंद, हलका नायलॉनचा पट्टा पुरतो, लहान झाला की बदलायचा.

चाकरमानी पाहुणे गणपतीला येताना हौसेने खिळ्यांचा चामड्याचा पट्टा आणतात. फोटोला छान! पण आपल्या पावसात चामडं वाळत नाही, त्यावर बुरशी धरते, खाली मान ओली राहून केस जातात. खाऱ्या हवेत लोखंडी बक्कल गंजतं ते वेगळंच. नायलॉनचाही ओला पट्टा मानेवर ठेवायचा नाही. दोन घ्या, एक चुलीजवळच्या दांडीवर वाळत. घुंगरू नकोच. आपल्याला गोड वाटतं, पण त्याच्या तिखट कानाशी दिवसभर ते वाजत राहतं.

गोचिडांचा औषधी पट्टा दुकानदाराने दिला म्हणून घालू नका. किती आठवड्यांच्या वयापुढे चालतो ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तरी आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरात मांजर असेल (मासळी येणाऱ्या कुठल्या घरात नसतं?) तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही नको. ते मांजराला विषारी असतं.

साखळीबद्दल माझं मत कडक आहे. पिल्लाच्या मानेला ते वजन नको. फिरायला नेताना छातीचा पट्टा बरा, ओढलं तरी श्वासनलिकेवर ताण येत नाही. आणि रात्री खळ्यात बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आयतं ताट. पडवीचं दार लावून आत घ्या.

पट्ट्यावर फोन नंबर मात्र हवाच. फटाक्यांना घाबरून पिल्लं पळतात आणि दोन वाड्या पलीकडे सापडतात.

आमच्या पिल्लाला लहान झालेले पट्टे धुऊन ठेवलेत. वेंगुर्ल्याच्या आसपास कुणाकडे पिल्लं असतील तर इनबॉक्समध्ये सांगा आणि येऊन घेऊन जा. येताना मानेचं माप आणा, अंदाज नको.