किती देते?

पंपावर नोझलचा ‘टक्’ आवाज झाला, मी “बस” म्हणालो, पोराने नोझल काढायला हात घातला आणि माझी गाडी हलायला लागली. भूकंप म्हणावा तर बाकीच्या गाड्या जागच्या जागी. मागे जाऊन बघतो तर टोपी घातलेले एक अनोळखी गृहस्थ, काखेतली रेक्झिनची बॅग पडू न देता, दोन्ही हातांनी माझ्या पिकअपचा हौदा धरून तिला गदागदा हलवत होते.

“अजून बसतं,” ते पोराला म्हणाले. “टाक, टाक. आत हवा अडकलेली असते.”

आणि पोराने टाकलं! गाडी माझी, टाकी माझी, पैसे माझे; हुकूम यांचा. बघता बघता वर अडीच लिटर बसलं.

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं ज्याला वाटतं त्याने जुन्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज कधी काढलेलं नाही. पद्धत साधी असते. पहिल्या ‘टक्’पर्यंत टाकी भरायची, मीटरचा आकडा लिहून घ्यायचा, काटा तळाला जाईपर्यंत फिरायचं, मग त्याच पंपावर, त्याच नोझलने, पुन्हा पहिल्या ‘टक्’पर्यंत भरायची आणि जेवढं बसलं त्याने किलोमीटरला भागायचं. सगळी मदार त्या पहिल्या ‘टक्’वर. मी टायरमध्ये नेमकी हवा भरून, हौदा झाडूनपुसून रिकामा करून, अख्खी टाकी संतांच्या संयमाने गाडी चालवली होती. टायरच्या हवेचं असं आहे की चारही चाकांत सरासरी एक पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने पडतं. दहा पीएसआय कमी म्हणजे दोन टक्के. इथे ५० लिटरला अडीच लिटर जास्त कोंबले की हिशेबात पाच टक्क्यांचा घोळ. टाकीभर साठवलेलं माझं पुण्य या गृहस्थांनी दोन-तीन हिसक्यांत बुडवलं.

संताप याचा, की ते अर्धे बरोबर होते. डिझेलला भरताना फेस येतो, फेस वर चढून नोझलला लागला की ते आधीच बंद पडतं, आणि हलवल्यावर फेस बसून जागा होते. पण मला टाकी ठासून भरायचीच नव्हती. मला ती दर वेळी सारखी भरायची होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, “किती देते?”

“आठ. कधी साडेआठ.”

सलग नापास होणाऱ्या पोराच्या बापाकडे लोक बघतात तसं ते माझ्याकडे बघू लागले.

“आमच्या साडूची हीच गाडी आहे. चौदा देते.”

“रिकामी?”

“भरलेली.”

“उताराला?”

“घाटात!”

हा साडू मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. प्रत्येकाला एक साडू असतो, त्याच्याकडे नेमकी आपलीच गाडी असते, आपल्याहून जुनी असते, आणि ती चौदा देते. तो साडू प्रत्यक्षात कधी भेटत नाही. बहुधा डिझेल संपतच नसल्याने त्याला पंपावर यावं लागत नसावं.

“तुमचं काय होतंय सांगू?” गृहस्थ गाडीच्या मागे गेले. “हा फाळका. वरून हवा येते, हौद्यात शिरते आणि फाळक्याला धडकते. गाडीचं पॅराशूट होतंय तुमच्या. फाळका उघडा ठेवून चालवा.” आणि मी “अहो, नको” म्हणेपर्यंत त्यांनी कडी ओढली. त्या कडीला एक खोड आहे. ती उघडते कुणालाही, लागते फक्त मला, तीही गुडघा लावून. फाळका धाडकन खाली आला. शेजारच्या रांगेतलं कुत्रं उठून दुसऱ्या रांगेत गेलं.

मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं, की होतं उलटंच. फाळका बंद असला की चालत्या गाडीच्या हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा तयार होतो. तो तिथल्या तिथे फिरत राहतो आणि टपावरून येणारी हवा त्याच्यावरून घसरून मागे निघून जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो आणि बहुतेक पिकअपना हवेचा विरोध उलट वाढतो. तपासायचंच असेल तर हौद्यावर ताडपत्री किंवा झाकण घालून बघावं, त्याने थोडाफार फायदा होऊ शकतो.

ते वाकून हौद्यात बघायला लागले. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या.

“कुठाय?”

“काय?”

“भोवरा.”

“अहो, गाडी उभी आहे!”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले, आणि वाद जिंकल्याच्या समाधानाने त्यांनी बॅग उघडली. आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक काळं, गोल लोहचुंबक निघालं. स्पीकरमधून काढलेलं असावं, कारण एका बाजूला अजून वाळलेला गोंद आणि कागदाचा तुकडा चिकटलेला होता. हे डिझेलच्या पाइपला बांधायचं. डिझेलचे रेणू म्हणे गोळा होऊन बसलेले असतात, चुंबकावरून गेले की सरळ होतात आणि रांगेत जळतात.

मी म्हणालो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, आजवर अशी शंभरावर साधनं तपासली आहेत, त्यांत चुंबकंही होती. एखाददुसऱ्याने किरकोळ फरक दाखवला तेवढाच. डिझेलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणामच होत नाही, रांग कुठून लागणार?

“अमेरिका कशाला खरं सांगेल? तेल त्यांनाच विकायचंय.” मग आवाज खाली. “एकाने कार्ब्युरेटर काढला होता. लिटरला ऐंशी. गायब केला कंपन्यांनी.”

पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा हा कार्ब्युरेटर मला माहीत आहे. चार्ल्स नेल्सन पोग नावाच्या कॅनडातल्या माणसाने १९३० च्या दशकात त्याची पेटंटं घेतली आणि गॅलनला दोनशे मैलांच्या गोष्टी पसरल्या. लिटरच्या हिशेबात त्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या घरात जातात. गायब काही झालेलं नाही. पेटंट हा जाहीर कागद असतो, त्याची मुदत कधीच संपली, कुणीही ते वाचून आज कार्ब्युरेटर बनवावा. तरी नव्वद वर्षांत एकही ऐंशीची गाडी रस्त्यावर आलेली नाही, कारण लिटरभर तेलात जेवढी ऊर्जा आहे तेवढीच आहे आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त इंजिनातून उष्णता होऊन निघून जाते. पण एवढं सगळं बोलायला मागची गाडी हॉर्न थांबवील तर ना. मी एकच मुद्दा काढला.

“माझी गाडी डिझेलची आहे. हिच्यात कार्ब्युरेटर नसतोच.”

“बघा!” ते ओरडले. “काढून घेतला!”

पंपावरचं पोरगं आता पैसे घ्यायचं विसरून चुंबकाला नाणं चिकटवून बघत होतं.

मी गुडघ्याने फाळका लावला, पैसे दिले आणि शेवटचा उपाय म्हणून विचारलं, “तुम्ही कुठली गाडी चालवता?”

“मी? मला येत नाही गाडी. पुढच्या चौकात सोडता का?”

सोडलं. कसं नाही म्हणणार, ते आधीच आत बसले होते. माणूस आणि बॅग मिळून ऐंशी-नव्वद किलो धरा. साधारण हिशेब असा, की दर ४५ किलो वजनामागे एक टक्का ॲव्हरेज जातं. लहान गाडीत जरा जास्त, मोठीत जरा कमी. म्हणजे दीड-दोन टक्के तोटा माझ्या शेजारी पाय पसरून बसला होता आणि मला ॲव्हरेज शिकवत होता.

आणि तो चौक जवळ नव्हता. मी ऐंशीच्या आत चालवत होतो, तर म्हणाले, जोरात घ्या, गाडी जितका वेळ चालू तितकं तेल जास्त. ऐकायला इतकं सरळ की क्षणभर मीही गप्प झालो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले तर वाचतो पाचवा हिस्सा वेळ, आणि विरोध होतो दीडपटीहून जास्त. त्यात पिकअपचं तोंड भिंतीसारखं सपाट. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने तेल वाचवायला १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. १९८७ मध्ये ती सैल केली आणि १९९५ मध्ये काढूनच टाकली. लोकांना तेल वाचवायचं असतंच, फक्त सावकाश जायचं नसतं.

उतार आला तसा त्यांचा हात गिअरकडे सरकला. “न्यूट्रल करा, न्यूट्रल! फुकटात जाईल.” तो हात मी बाजूला केला, आणि माझा आवाज चढला हे मी नाकारत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनाचा पंप डिझेलचा पुरवठा तोडतो. न्यूट्रलला मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायला डिझेल लागतं. म्हणजे यांच्या फुकटात तेल जळतं, वर इंजिनाचा लगाम सुटून सगळा भार ब्रेकवर येतो. चौकात उतरताना ते म्हणाले, “तापट स्वभावाची माणसं गाडीही तशीच चालवतात. म्हणून आठ.”

खरं सांगायचं तर हिच्या आठचं कारण नंतर सापडलं आणि ते इतकं नीरस आहे की कुणाला सांगायची सोय नाही. गाडी चालवून आल्यावर प्रत्येक चाकापाशी हात नेऊन बघावा, असं मेकॅनिकने सांगितलं होतं. तीन चाकं कोमट. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमपाशी मात्र हात ठेववेना, आणि जळक्या लायनिंगचा कडवट वास. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती. लिव्हर खाली केला तरी तिकडचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. गाडी ब्रेक लावूनच फिरत होती म्हणायची. दुसरं, पूर्वीच्या मालकाने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन नीट गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप, काढून टाकलेला, ‘म्हणजे गाडी तापत नाही’. तापत नाहीच! तापमानाचा काटा मधोमध कधी येतच नव्हता, आणि थंड इंजिन जास्त पितं. केबल बदलली, थर्मोस्टॅट बसवला, आठाचे नऊ झाले.

हे नऊ मी शेजाऱ्याला सांगितले. तो हसला. त्याने छोटी कार घेतली तेव्हा अठरा देत होती, आता वीस देते, आणि त्या दोनाचं कौतुक सगळी गल्ली करते. आता जरा भागाकार करा. शंभर किलोमीटरला त्याचं तेल ५.६ लिटरवरून ५ वर आलं. माझं १२.५ वरून ११.१ वर. माझी बचत त्याच्या दुपटीहून जास्त! लिटरला किती किलोमीटर हे माप माणसाला हमखास चकवतं, हे लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात रीतसर दाखवून दिलं आहे. ते मैल-गॅलनबद्दल बोलत होते, पण गणित तेच. शेजारी म्हणाला, “असेल, पण वीस ते वीस.”

माझी चिडचिड मुळात आठ-नऊची नाहीच. ही गाडी रिकामी चालवायची सोय कुणी ठेवली आहे का? ज्याला घर बदलायचं त्याला मी आठवतो. ज्याचं कपाट दुरुस्तीला जायचं, ज्याच्या मुलीचा पलंग हॉस्टेलवर पोचवायचा, ज्याची पाण्याची टाकी फुटली, त्या प्रत्येकाला माझ्या गाडीचा रिकामा हौदा डोळ्यांत खुपतो. “उभीच असते ना तुमची?” एकाने तर विटा नेल्या. अर्धा टन वजन टाकून चढाला पहिल्या गिअरवर रेटलेली गाडी काय चौदा देणार? हौदा झाडताना मला अजून लाल भुकटी सापडते. वजन उतरवा, वजन उतरवा, असं जो तो सांगतो. ते वजन कुणाचं, हे कुणी विचारत नाही. भाडं मी मागत नाही, मागावं असं मात्र फार वाटतं. निदान डिझेल टाकून द्यावं.

गेल्या रविवारी मेहुणा फ्रिज न्यायला घेऊन गेला. रात्री उशिरा किल्ली परत द्यायला आला. काटा लाल पट्टीच्याही खाली, दिवा पेटलेला, फाळका दोरीने बांधलेला.

“दाजी, एकदा दाखवून घ्या हिला,” तो काळजीने म्हणाला. “तेल फार पिते हो.”