साठीनंतर कृत्रिम पाय बसवत नाहीत, हा संदेश चुकीचा आहे

साठी ओलांडलेल्या माजी सैनिकाचा पाय कापावा लागल्यास त्याला कृत्रिम पाय बसवत नाहीत, व्हीलचेअरच घ्यावी, असा संदेश सध्या फिरत आहे. मी फिजिओथेरपिस्ट असून अशाच रुग्णांना चालण्याचे प्रशिक्षण देतो, म्हणून हा खुलासा.

केवळ वयावरून कृत्रिम पाय नाकारला जात नाही. हृदयाची क्षमता, दुसऱ्या पायाची अवस्था, शस्त्रक्रियेपूर्वीचे चालणे आणि गुडघा वाचला आहे की नाही, हे पाहून निर्णय होतो. गुडघ्याच्या वरून पाय कापला असल्यास चालण्यास बरीच अधिक शक्ती लागते, त्यामुळे काहींसाठी व्हीलचेअरच योग्य ठरते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उतारवयात पाय जाण्याचे कारण बहुधा सुरुंग नसून मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार असते, म्हणून उरलेल्या पायाची रोज तपासणी करावी लागते.

संदेशावर विसंबून थांबण्यात खरा धोका आहे, कारण गुडघ्याखाली उशी ठेवून नुसते पडून राहिल्यास सांधा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणे अवघड होते.

पुण्यात 1944 पासून सेनादलाचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवा.